मॅडम, आमचं नवीन वर्ष कालच सुरू झालं! : ख्रिस्ती उपासना वर्ष आणि आपला वर्ग



आज एक चूक सांगायची आहे. चूक माझीच आहे. त्या चुकीतून मी जे शिकले, ते तुमच्याही वर्गात उपयोगी पडेल असं वाटतं, म्हणून हा लेख.

१ डिसेंबर २०२५, सोमवार. आमचा तिसरीचा वर्ग. परिपाठात प्रतिज्ञा झाली, सुविचार झाला. मग दिनविशेष. मी नेहमीसारखं विचारलं, "आज किंवा काल काय विशेष होतं, कोण सांगेल?" एक मुलगी उभी राहिली. एरवी फार बोलत नाही. ती म्हणाली, "मॅडम, आमचं नवीन वर्ष कालच सुरू झालं."

सगळा वर्ग हसला. आणि मीही काय केलं? हसत हसत म्हणाले, "बेटा, नवीन वर्ष एक जानेवारीला असतं. अजून एक महिना आहे. बस." ती बसली. मी पुढचा विषय घेतला. माझ्या दृष्टीने प्रसंग तिथेच संपला होता.

पण त्यानंतर तिने परिपाठात हात वर करणं बंद केलं. आठवडा गेला, दुसरा आठवडा लागला. शेवटी एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. दारात आजी भेटल्या. मी आडवळणाने विचारलं, तर आजी शांतपणे म्हणाल्या, "काही नाही जी मॅडम. पोरीनं बरोबरच सांगितलं होतं. तुम्ही रागावल्या नाही, पण हसल्या ना, म्हणून ती चूप झाली."

आजींनी कपाटातून कव्हर घातलेलं मराठी बायबल काढलं आणि त्यात ठेवलेला चर्चचा एक कागद दाखवला. त्यावर रविवारांची यादी होती. ३० नोव्हेंबर, आगमनकाळाचा पहिला रविवार. चर्चचं उपासना वर्ष तिथूनच सुरू होतं. मुलीचं उत्तर शंभर टक्के बरोबर होतं. चुकीची दुरुस्ती केली होती ती मॅडमनेच!

त्या संध्याकाळी आजींनी मला चहा दिला आणि त्यांचं अख्खं वर्ष समजावून सांगितलं. पुढचे काही महिने मी अधूनमधून जात राहिले, वाचत राहिले. मी स्वतः ख्रिस्ती नाही. त्यामुळे हे प्रवचन नाही, शिकवणही नाही. एका शिक्षिकेने आपल्या विद्यार्थिनीचं वर्ष समजून घेण्याचा केलेला हा अभ्यास आहे.

एकाच वर्गात किती वर्षं?

आमचं जवाहरनगर म्हणजे कारखान्याची वसाहत. कोणाचे वडील केरळचे, कोणाचे आंध्रचे, कोणी बंगालचे, कोणी इथलेच भंडाऱ्या-साकोलीकडचे. एकाच बाकावर चार भाषा बसतात. आणि नीट पाहिलं तर चार वर्षंही बसतात. कोणाच्या घरी गुढीपाडव्याला वर्ष सुरू होतं, कोणाकडे बैसाखला, कोणाकडे विशूला, कोणाकडे मोहरमपासून. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि आपलं शैक्षणिक वर्ष विदर्भात जूनच्या अखेरीस. इतकी नवीन वर्षं आपण सहज मान्य करतो, मग आणखी एक ऐकून हसायचं कशाला?

पहिली गोष्ट मला हीच कळली. वर्ष म्हणजे नुसते ३६५ दिवस नव्हेत. कुठला समाज कुठल्या गोष्टीपासून मोजायला लागतो, त्यावरून त्याला काय महत्त्वाचं वाटतं ते समजतं. ख्रिस्ती उपासना वर्ष सणापासून सुरू होत नाही. ते वाट पाहण्यापासून सुरू होतं.

उपासना वर्षाची रचना

आधी एकदा सगळं ओळीने पाहू. रंगही दिले आहेत. अनेक चर्चमध्ये वेदीवरचं कापड आणि धर्मगुरूंचा झगा त्या त्या काळाच्या रंगाचा असतो. मुलांना रंगांवरून चटकन लक्षात राहतं.

१. आगमनकाळ : नाताळापूर्वीचे चार रविवार. रंग जांभळा.
२. नाताळ : २५ डिसेंबरपासून. रंग पांढरा. ६ जानेवारीला प्रकटीकरणाचा सण.
३. उपवासकाळ : राखेच्या बुधवारपासून ४० दिवस. रंग जांभळा.
४. पवित्र आठवडा : झावळ्यांचा रविवार ते शनिवार. त्यातच उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे.
५. पुनरुत्थानकाळ : ईस्टरपासून ५० दिवस. रंग पांढरा.
६. पेन्टेकॉस्ट : पन्नासावा दिवस. रंग लाल.
७. सामान्य काळ : उरलेले आठवडे. रंग हिरवा.

कोणत्या रविवारी बायबलमधला कोणता उतारा वाचायचा, हेही ठरलेलं असतं. कॅथलिक चर्चमध्ये आणि इतर अनेक चर्चमध्ये हे वाचन तीन वर्षांच्या चक्रात चालतं. एका वर्षी मुख्यतः मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. योहानाचं शुभवर्तमान तिन्ही वर्षांत उपवासकाळात आणि ईस्टरच्या काळात येतं. ३० नोव्हेंबरला सुरू झालेलं वर्ष मत्तयाचं आहे. मात्र सगळेच ख्रिस्ती हे पूर्ण चक्र पाळतात असं नाही. काही मंडळ्यांमध्ये नाताळ, गुड फ्रायडे आणि ईस्टर एवढेच दिवस ठळकपणे पाळले जातात. म्हणून वर्गात "ख्रिस्ती लोक असं करतात" असं सरसकट सांगण्याऐवजी "काही चर्चमध्ये असं करतात" म्हणावं.

आगमनकाळ : वाट पाहणं शिकवता येतं का?

आगमनकाळात चार मेणबत्त्या असतात. दर रविवारी एक जास्त लावायची. पहिल्या रविवारी एक, चौथ्या रविवारी चार. अंधार एकदम जात नाही, थोडा थोडा जातो. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या, अंधारात चालणाऱ्या लोकांना मोठा उजेड दिसल्याच्या उताऱ्याशी ही कल्पना जुळते.

पण मला जास्त भावला तो याकोबाच्या पत्रातला उतारा. यंदाच्या चक्रात तो आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी, १४ डिसेंबरला होता. त्याचा आशय असा : शेतकऱ्याकडे पाहा. तो पहिल्या आणि शेवटच्या पावसाची धीराने वाट पाहतो, तसा तुम्हीही धीर धरा.

आपल्या भंडारा जिल्ह्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. आधी पऱ्हे टाकायचे, मग पावसाची वाट. बांधीत पाणी साचलं की रोवणी. मग निसवायची वाट, मग कापणीची. धान घरी आलं तरी विकून पैसे हाती पडेपर्यंत पुन्हा वाट! डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझ्या वर्गातल्या निम्म्या घरी हीच चर्चा असते. मुलांना मी विचारलं, "तुमच्या घरात कोण कशाची वाट पाहतंय?" एकाने सांगितलं, "बाबा धानाच्या पैशाची." एकीने सांगितलं, "आई मामाची." एक म्हणाला, "मी सुट्टीची." वाट पाहणं म्हणजे रिकामं बसणं नाही, शेतकरी वाट पाहतानाच निंदण करतो, बांध बांधतो, हे मुलांनीच शोधून काढलं.

इथे आपल्या जवळची एक गोष्ट सांगते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या चर्च परंपरा एकत्र आल्या आणि 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' ही संयुक्त मंडळी स्थापन झाली. मी कॅलेंडर काढून पाहिलं. तो रविवार होता आणि आगमनकाळाचा पहिला रविवार होता. म्हणजे उपासना वर्षाचा पहिलाच दिवस! देशाच्या ख्रिस्ती इतिहासातली एवढी मोठी घटना आपल्यापासून तास-दीड तासाच्या अंतरावर घडली आणि सामान्यज्ञानाच्या तासाला मी ती कधी सांगितली नव्हती.

नाताळ : जागा नसलेलं बाळ

'नाताळ' हा शब्दच पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला. 'पाद्री'ही तसाच. शब्दांचा प्रवास शिकवायला ही चांगली उदाहरणं आहेत.

नाताळ म्हटलं की मुलं सांताक्लॉज आणि केक सांगतात. लूकच्या दुसऱ्या अध्यायात मात्र गोष्ट वेगळीच आहे. सरकारी नावनोंदणीसाठी एका गरीब जोडप्याला लांबच्या गावी जावं लागतं. बाई गरोदर आहे. उतरायला जागा मिळत नाही. बाळ जन्मतं आणि त्याला गव्हाणीत ठेवतात. ही बातमी पहिल्यांदा कळते कोणाला? रात्री रानात मेंढरं राखणाऱ्यांना. मत्तयाच्या गोष्टीत तर पुढे हेरोद राजाच्या भीतीने आईवडील बाळाला घेऊन परक्या देशात, इजिप्तमध्ये पळून जातात. हेरोदाने मारलेल्या निरपराध बालकांची आठवण काही चर्चमध्ये २८ डिसेंबरला करतात.

मी हे वाचत होते आणि डोळ्यांसमोर आमच्याकडची स्थलांतरित मुलं येत होती. आईबाप वीटभट्टीवर किंवा दूरच्या कामावर जातात, मूल वर्षाच्या मधेच शाळेत येतं, मधेच जातं. हजेरीत नाव असतं, पण बाकावर जागा नसते. कधी बाक असतो, पण मैत्रीत जागा नसते. बालरक्षक म्हणून आपण त्यांना शाळेत आणतो, पण वर्गात त्यांना "सरकून बसा, जागा द्या" हे कोण म्हणतं? नाताळच्या गोष्टीतला सगळ्यात कठीण प्रश्न मला हाच वाटतो.

प्रकटीकरण : किती ज्ञानी पुरुष आले होते?

६ जानेवारीचा सण ताऱ्यामागून आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांचा. मराठी बायबलमध्ये त्यांना मागी म्हटलंय. इथे मी वाचनाचा एक छोटा पाठ घेतला, तो तुम्हीही घेऊन पाहा.

मुलांना विचारा, "किती मागी आले होते?" ज्यांनी नाताळचा देखावा पाहिला आहे ती मुलं म्हणतील, "तीन." मग तो उतारा हळूहळू वाचा. मत्तयाने आकडा दिलेलाच नाही! भेटवस्तू तीन आहेत : सोनं, ऊद आणि गंधरस. त्यावरून माणसं तीन असावीत असं पुढे रूढ झालं. ते राजे होते असंही मत्तय म्हणत नाही. तसंच गव्हाणीजवळच्या बैलाचा आणि गाढवाचा उल्लेख लूकच्या गोष्टीत नाही, आणि २५ डिसेंबर ही तारीखही कुठे दिलेली नाही.

यात श्रद्धेला धक्का देण्यासारखं काही नाही. आजींना सांगितलं तेव्हा त्याच हसून म्हणाल्या, "इतकी वर्षं वाचते, पण मी कधी मोजले नव्हते!" मुद्दा हा की 'काय लिहिलंय' आणि 'आपण काय धरून चाललोय' यातला फरक ओळखणं, हेच तर आकलन. कुठल्याही धर्मग्रंथाला, वर्तमानपत्राला आणि मोबाईलवर आलेल्या निरोपाला हीच कसोटी लावता येते.

उपवासकाळ : ४६ की ४०?

यंदा राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला होता. अनेक ठिकाणी मागच्या वर्षीच्या झावळ्या जाळून ती राख कपाळावर लावतात. माणूस मातीचा आहे, मातीलाच मिळायचा आहे, याची ती आठवण. गंमत म्हणजे त्याच आठवड्यात रमजानही सुरू झाला. आणि महाशिवरात्र नुकतीच होऊन गेली होती. म्हणजे वर्गात तीन प्रकारचे उपास!

गणित आलं. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस मोजले तर ४६ भरतात. मग चाळीस का म्हणतात? कारण मधले ६ रविवार उपवासात धरत नाहीत. ४६ - ६ = ४०. मुलांनी कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं. वजाबाकीचा इतका जिवंत सराव बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

त्या बुधवारचा उतारा मत्तयाच्या सहाव्या अध्यायातला. दान करताना दवंडी पिटू नका, प्रार्थना दाखवण्यासाठी करू नका, उपवास केला तर चेहरा उतरवून हिंडू नका, असा त्याचा आशय. यशयाच्या ५८ व्या अध्यायात तर विचारलंय की उपाशी माणसाला आपल्यातली भाकरी न देता केलेला उपवास कसला? आपल्याकडे 'एकादशी अन् दुप्पट खाशी' म्हणतात, ते काही वेगळं नाही. बाहेरून उपास आणि आतून हिशोब, हा रोग सगळ्याच घरांत आहे.

याच भागाला डोंगरावरचं प्रवचन म्हणतात (मत्तय, अध्याय ५ ते ७). त्याचा आपल्या लोहमार्गाशी संबंध आहे. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यात एक युरोपियन सहप्रवासी भेटला. संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या. उतरताना त्याने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली. टिळक वाचायला लागले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी थांबले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे काय काय सोसावं लागलं ते लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त आहे. नवऱ्याच्या निर्णयाने त्यांचा संसार तुटला, आणि पुढे त्यांनी स्वतःच्या विचाराने स्वतःचा निर्णय घेतला. शिक्षकांनी आणि पालकांनी दोघांनीही वाचावं असं ते पुस्तक आहे. नागपूरहून राजनांदगावला जाणारा तो लोहमार्ग आपल्या भंडारा रोड स्टेशनवरूनच जातो. फुलांमुलांचे कवी म्हणून आपण ज्यांच्या कविता शिकवतो, ते टिळक बहुधा हातात ते पुस्तक घेऊनच वरठीवरून गेले असतील. मला हे कळल्यापासून स्टेशनवर उभं राहिलं की आठवतं.

पवित्र आठवडा : गुरू शिष्यांचे पाय धुतो

झावळ्यांच्या रविवारी लोक हातात झावळ्या घेऊन येशूचं राजासारखं स्वागत करतात, आणि पाच दिवसांत तीच नगरी त्याला क्रुसावर पाठवते. गर्दीचं काही खरं नसतं, हे मुलांनाही कळतं.

गुरुवारचा उतारा योहानाच्या तेराव्या अध्यायातला. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू उठतो, कमरेला रुमाल बांधतो, भांड्यात पाणी घेतो आणि शिष्यांचे पाय धुतो. पेत्राला ते सहन होत नाही. तो नको म्हणतो.

आपल्या संस्कृतीत शिष्य गुरूच्या पाया पडतो. गुरुपौर्णिमेला मुलं आपल्या पाया पडतात तेव्हा आपल्यालाही बरं वाटतं, खोटं कशाला बोला. इथे उलट आहे. मी आजींना म्हटलं, "आजी, शिक्षकाने विद्यार्थ्याचे पाय धुवायचे म्हणजे आजच्या वर्गात काय करायचं?" आजी म्हणाल्या, "जे काम कमी दर्जाचं वाटते ना मॅडम, ते आपण आधी करायचं." त्यावर मी बराच वेळ काही बोलले नाही. चुकल्यावर मुलाची माफी मागणं हे आपल्याला कमी दर्जाचंच वाटतं ना?

शुक्रवारचा प्रश्न माझ्या वर्गात एका मुलाने विचारला : "मॅडम, त्या दिवशी तर वाईट झालं, मग त्याला गुड का म्हणतात?" इंग्रजीत 'गुड' शब्दाचा एक जुना अर्थ पवित्र असाही होता. मराठीत कोणी उत्तम शुक्रवार म्हणतात, कोणी शुभ शुक्रवार. शब्दार्थ सांगून झाला, पण त्या मुलाचा प्रश्न खरा त्याच्या पुढचा होता. दुःखाच्या दिवसाला चांगलं म्हणायचं का? ख्रिस्ती श्रद्धा म्हणते की त्या दुःखातून माणसांसाठी काही चांगलं निघालं. पण तिथे पोहोचण्यापूर्वी शुक्रवार पूर्ण पाळला जातो, आणि शनिवार शांत ठेवला जातो. रडणाऱ्या मुलाला आपण लगेच "गप, काही नाही झालं" म्हणतो. या वर्षात मात्र दुःखाला त्याचा वेळ दिलेला आहे. ज्या मुलाच्या घरी कोणी गेलं असेल, त्याला वर्गात परत आल्यावर लगेच हसवायची घाई करू नये, एवढं तरी मी यातून घेतलं.

ईस्टरची तारीख आणि आपलं पंचांग

नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरलाच, मग ईस्टर दरवर्षी वेगळ्या तारखेला का? कारण तो चंद्रावर चालतो. चर्चच्या गणिताप्रमाणे २१ मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये येतो.

पौर्णिमा म्हटलं की आपलं पंचांग आलं! यंदा हनुमान जयंती, म्हणजे चैत्र पौर्णिमा, २ एप्रिलला होती. ३ तारखेला गुड फ्रायडे, ५ तारखेला ईस्टर. २०२३ मध्येही ६ एप्रिलला हनुमान जयंती, ७ ला गुड फ्रायडे, ९ ला ईस्टर. २०२४ मध्ये मात्र ईस्टर ३१ मार्चला आला, कारण त्याआधीची पौर्णिमा होळीची होती, आणि चैत्र पौर्णिमा एप्रिलच्या अखेरीस गेली. घरच्या भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन मुलांना मागच्या काही वर्षांची होळी, हनुमान जयंती आणि ईस्टर शोधायला लावा. एकच चंद्र सगळ्यांच्या अंगणात उगवतो, हे वाक्य आपल्याला बोलावंच लागत नाही. मुलंच सांगतात.

ईस्टरच्या पुढच्या रविवारी दरवर्षी थोमाची गोष्ट वाचतात. सगळे म्हणतात, आम्ही येशूला जिवंत पाहिलं. थोमा म्हणतो, मी स्वतः पाहिल्याशिवाय मानणार नाही. त्याला कोणी हाकलत नाही. आठ दिवसांनी येशू येतो आणि म्हणतो, ये, हात लावून पाहा. हाच थोमा पुढे केरळात आला अशी तिथल्या ख्रिस्ती लोकांची जुनी परंपरा आहे. वर्गात "मॅडम, कशावरून?" विचारणारं मूल असतं ना, त्याची मला ही गोष्ट वाचताना आठवण झाली. त्याला उद्धट म्हणायचं की 'ये, पाहा' म्हणायचं, ते आपल्या हातात आहे.

पेन्टेकॉस्ट : ज्याला त्याला आपल्या भाषेत

ईस्टरपासून पन्नासावा दिवस पेन्टेकॉस्ट. यंदा २४ मेला, म्हणजे आपल्या सुट्टीत आला. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात गोष्ट आहे. यरुशलेमेत नाना देशांचे लोक जमले होते. शिष्य बोलू लागले आणि प्रत्येकाला ते आपापल्या भाषेत ऐकू आलं. लक्षात घ्या, सगळ्यांना एक भाषा यायला लागली असं तिथे म्हटलेलं नाही. ज्याची भाषा त्याच्याजवळ राहिली.

आपल्या मराठीला याचा मोठा अनुभव आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आला. इथल्या लोकांना त्यांच्या भाषेतच सांगायला हवं म्हणून तो मराठी शिकला आणि त्याने ओवीछंदात 'ख्रिस्तपुराण' लिहिलं. १६१६ मध्ये ते छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या! पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं, ते काम आयुष्याच्या शेवटापर्यंत चाललं. आपल्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' लिहिलं. ते २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्षही होते.

आणि आपण? झाडीबोलीत बोलणाऱ्या मुलाला "नीट बोल" म्हणतो. घरी मल्याळम किंवा तेलुगू बोलणाऱ्या मुलाला "मराठी येत नाही" असा शेरा देतो. पेन्टेकॉस्टची गोष्ट वाचल्यावर मी एक साधी सुरुवात केली. नवीन शब्द शिकवला की विचारायचं, "तुमच्या घरी याला काय म्हणतात?" फळ्याच्या एका कोपऱ्यात ते सगळे शब्द लिहायचे. फळा भरून जातो.

सामान्य काळ : हिरवे दिवस

पेन्टेकॉस्टनंतर सणांची गर्दी संपते आणि सामान्य काळ सुरू होतो. त्याचा एक छोटा भाग जानेवारी-फेब्रुवारीत येऊन जातो, पण मोठा भाग हाच, आगमनकाळापर्यंत जवळजवळ सहा महिने. रंग हिरवा. आपल्याकडे नेमकं हेच धानाचे दिवस. जूनमध्ये पऱ्हे, नोव्हेंबरमध्ये कापणी.

यंदाच्या चक्रात १२ जुलैच्या रविवारी मत्तयाच्या तेराव्या अध्यायातला पेरणाऱ्याचा दाखला आहे. पेरणारा बी फेकत जातो. काही वाटेवर पडतं, काही खडकावर, काही काट्यांत, काही चांगल्या जमिनीत. शहरातल्या मुलाला प्रश्न पडतो की शेतकरी वाटेवर बी टाकेलच कशाला? आमच्याकडच्या मुलाला पडत नाही, कारण आवत्या पद्धतीने धान फेकून पेरताना त्याने पाहिलं आहे. हात फिरला की चार दाणे धुऱ्यावर जाणारच.

या दाखल्यात शिक्षकासाठीही काही आहे. आपण वर्गभर सारखंच बी फेकतो आणि मग म्हणतो, "हे मूल म्हणजे खडक आहे." पण डीएडला असताना आपण शिकलो होतो की मूल म्हणजे पक्की झालेली जमीन नव्हे. खडक फोडता येतो, काटे काढता येतात, आणि जी वाट रोजच्या पायांनी कडक झाली आहे तिथून पाय दुसरीकडे वळवता येतात. त्या मुलीच्या मनातली एक वाट माझ्या हसण्याने कडक झाली होती.

वर्गात घेताना काळजी

संविधानाच्या कलम २८ नुसार पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. पण धर्मांविषयी माहिती देणं आणि धर्माची दीक्षा देणं यात फरक आहे. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा फरक मान्य केला आहे. म्हणून मी काही नियम पाळते :

१. प्रार्थना किंवा विधी वर्गात करायचा नाही. फक्त माहिती, गोष्ट, गणित आणि चर्चा.
२. एका मुलाला त्याच्या धर्माचा प्रवक्ता करायचं नाही. त्याची इच्छा असेल तरच बोलू द्यायचं.
३. कुठला सण मोठा, कुठला खरा, अशी तुलना नाही.
४. पालकांना आधी कल्पना द्यायची. लपवून काही करायचं नाही.
५. आपल्याला माहीत नसेल तर "मी विचारून सांगते" म्हणायचं. हे मी आता शिकले.

उपक्रम म्हणून 'आपल्या वर्गाचं वर्षचक्र' करा. पुठ्ठ्यावर तीन वर्तुळं काढा. आतल्यात शेतीची कामं, मधल्यात शाळेचं वर्ष, बाहेरच्यात वर्गातल्या सगळ्या मुलांच्या घरचे सण. मुलांनी आजी-आजोबांना विचारून माहिती आणायची. पालकांनी एवढंच करावं, की शेजारच्या घरी सण असेल तर मुलाला सोबत नेऊन विचारू द्यावं, "काकू, हे कशासाठी करता?"

शेवटी

आजींच्या घरून परतले त्यानंतरच्या सोमवारी परिपाठात मी उभी राहिले आणि म्हणाले, "मुलांनो, १ डिसेंबरला मी चुकीचं सांगितलं होतं. हिचं उत्तर बरोबर होतं. मी हसले, तेही चुकलं. मी तिची माफी मागते." वर्ग एकदम शांत झाला. ती मुलगी खाली पाहत होती. मला वाटलं होतं की लगेच सगळं ठीक होईल. तसं झालं नाही. तिने जानेवारीतही हात वर केला नाही. फेब्रुवारीत ४६ मधून ६ वजा करताना तिने पहिल्यांदा हळूच सांगितलं, "मॅडम, रविवार सोडायचे असतात." तेव्हा कोणी हसलं नाही.

आता ती चौथीत जाईल आणि वर्ग माझ्याकडेच आहे. यंदा आगमनकाळाचा पहिला रविवार २९ नोव्हेंबरला येतो. सोमवारी ३० तारखेला परिपाठात मी दिनविशेष विचारणार आहे. ती उभी राहील की नाही, माहीत नाही. मी वाट पाहीन.

तुमच्या वर्गात किती वर्षं सुरू होतात, एकदा मुलांना विचारून पाहा. आणि उत्तर ऐकून हसू आलं, तर आधी कॅलेंडर बघा!